राखीव खेळाडू

महादुल्याच्या गावंड्यांची भैरवी रग्बी खेळते हे कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण रग्बी म्हणजे नेमकं काय हे फार थोड्यांना. तिची आई शामला त्या खेळाला पहिल्यापासून 'रगडारगडी' म्हणायची. शेजारीण विचारायची, "पोरगी दिसत नाही वं?" तर ही चहाचं आधण ठेवता ठेवता सांगायची, "गेली रगडारगडीले." त्यात तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हतं. कोणाची पोरगी शिकवणीला जाते, आपली तिकडं जाते, एवढंच.

शाळेत भैरवी कबड्डी खेळायची. पकड तिची. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा तिच्या हाती लागला की ती पोरगी परत जात नसे. जितेंद्र सर तेव्हा नवेनवे होते आणि नागपुरात रग्बी रुजवायची म्हणून शाळाशाळांतून हिंडत होते. त्यांनी तिची पकड पाहिली आणि सामना संपल्यावर तिच्या हातात एक लांबोडका, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू दिला. "हा घेऊन पळायचं," ते म्हणाले. "दुसरीच्या हातात असला तर तिले पाडायचं. आणि कोणाले द्यायचा झाला तर मागंच द्यायचा, पुढं नाही." पहिल्या दोन गोष्टी भैरवीला तिथल्या तिथं समजल्या. तिसरी अंगात मुरायला वर्ष गेलं.

पुढं जिल्हा झाला, महाराष्ट्राचा संघ झाला. वसाहतीच्या मैदानावर गवत कमी आणि राख जास्त. सरावाहून आली की पांढरे मोजे करडे झालेले असायचे. त्याच मैदानावर तिनं मोठ्या मोठ्या पोरींना पाडलं, स्वतःही पडली, करंगळी वाकडी झाली ती तशीच राहिली. भारताच्या शिबिराला ती दोनदा गेली. पहिल्यांदा बावीस वर्षांची होती, तेव्हा शेवटच्या निवडीत नाव गळलं. दुसऱ्यांदा गुडघा दुखावला आणि अर्ध्यातून परत यावं लागलं. पहिल्या वेळी काढलेला पासपोर्ट कपाटात तसाच कोरा पडून होता. मुदत संपत आली तेव्हा तिनं तो गुपचूप नवा करून घेतला. वडिलांना, रुपरावांना, ते कळलं होतं, पण ते काही बोलले नाहीत.

आता तिची तिशी उलटली होती. एका शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि जितेंद्र सरांच्या संघाची कर्णधार. भारताच्या जर्सीचा विषय तिनं मनातल्या मनात मिटवून टाकला होता, निदान तिला तसं वाटत होतं.

गुंजन आली ती अशा वेळी. सावनेरकडच्या एका गावातली, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातली पोरगी. कॉलेजसाठी नागपुरात, इतवारीत मामाकडं राहायची. मामाचं भांड्यांचं दुकान खाली, घर वर. एकोणीस वर्षांची, हडकुळी, आणि पळायला लागली की मागून कोणी तिला गाठेल ही गोष्टच नाही. पण पाडायला घाबरायची. समोरून कोणी धडधडत आलं की डोळे मिटायची.

भैरवीनं तिला शिकवलं. रविवारचा सराव झाला की दोघी उरायच्या. "डोळे उघडे ठेव. खांदा पुढं, आणि डोकं तिच्या मागच्या बाजूले. समोर डोकं गेलं तर गुडघा तुलेच लागते." दहादा, वीसदा, पन्नासदा. मग दोघी महादुल्याला घरी यायच्या आणि शामला त्यांना गरम भाकरी वाढायची. गुंजनचं पोट भरायचं नाव नसे. "या पोट्टीच्या पोटात काय कोळशाची भट्टी आहे का वं?" शामला विचारायची आणि आणखी एक भाकरी टाकायची.

दोन वर्षांत गुंजन अशी तयार झाली की महाराष्ट्राच्या संघात तिचं नाव आधी लिहिलं जायला लागलं. त्या वर्षी मार्चमध्ये भारताच्या शिबिरासाठी निवड झाली. गुंजनचं नाव आलं. त्याच यादीत खाली राखीव खेळाडू होते, आणि त्यात पहिलं नाव होतं भैरवीचं. सरांनी तिला ते सांगितलं तेव्हा ती हसली. "या वयात राखीव," ती म्हणाली. "लग्नातल्या करवलीसारखं झालं सर." पण तो दिवसभर तिला काही सुचलं नाही हेही खरं.

शिबिराला दहाबारा दिवस उरले असताना एका कॉलेजच्या संघाशी सराव सामना ठेवला होता. सकाळची वेळ, तरी ऊन चांगलंच तापलेलं. सर पलीकडच्या टोकाला लहान पोरींना शिकवत होते. सामना संपत आला असताना समोरची एक दांडगी पोरगी चेंडू घेऊन निघाली आणि गुंजन तिच्या आडवी गेली. डोळे उघडे होते, खांदाही बरोबर होता, पण डोकं चुकीच्या बाजूला गेलं. त्या पोरीचा गुडघा गुंजनच्या कानशिलावर बसला. दोघी पडल्या. गुंजन उठली, हात झटकले, "ठीक आहे" म्हणाली.

खेळ सुरू झाला. भैरवीनं पाहिलं, गुंजन भलत्याच जागी उभी होती. तिनं हाक मारून तिला नीट जागेवर आणलं. आणि लगेच पुढच्या मिनिटाला चेंडू गुंजनच्या हाती आला आणि ती जी सुटली ती तिघींना चकवून रेषेपार चेंडू टेकवूनच पडली. असा ट्राय त्या मैदानावर कोणी पाहिला नव्हता. पोरी तिच्या अंगावर तुटून पडल्या. सरही लांबून टाळ्या वाजवत आले. त्या गडबडीत ती मघाशी पडली होती हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

दुपारी भैरवीला सीताबर्डीत शाळेसाठी शिट्ट्या आणि दोऱ्या घ्यायच्या होत्या, म्हणून ती गुंजनबरोबरच शहराच्या बसमध्ये बसली. गुंजन खिडकीशी. डोकं चौकटीला टेकवून बसली होती. मग म्हणाली, "ताई, शेवटचा ट्राय कोणी मारला वं?"

भैरवीला वाटलं, पोरगी स्वतःचं कौतुक ऐकायला मागते आहे. "कोणी मारला म्हणजे? तूच."

"हो का?" गुंजन म्हणाली. आणि मग घाईनं, "हो, मीच. मीच तर मारला."

भैरवीनं तिच्याकडं नीट पाहिलं. गुंजनचे डोळे अर्धे मिटलेले होते, उन्हाकडं पाहवत नसल्यासारखे. मानकापूरचा थांबा यायच्या आत तिनं खिडकीबाहेर डोकं काढलं आणि ओकली.

भैरवीनं तिची पाठ धरली, पाणी दिलं. "तुले तो ट्राय आठवत नाही ना?"

गुंजननं बाहीनं तोंड पुसलं.

"आपण सरळ डॉक्टरकडं जाऊ."

"उन्हानं झालं वं ताई. सकाळी काही खाल्लं नव्हतं." तिनं भैरवीचं मनगट धरलं. तळवा थंडगार होता. "सरले नको सांगू. तुले माहीत आहे ते काय करतील. डॉक्टर, मग आराम, मग शिबिर गेलं. दहा दिवस आहेत, होऊन जाईन मी ठीक. तू नाही सांगितलं तर कोणाले कळून राहिलं?"

भैरवीनं तेव्हा हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रिक्षा करून तिला इतवारीत घरी पोचवलं. मामीला जिना चढून वर जाऊन सांगितलं, हिच्या डोक्याला मार लागला आहे, एकटं सोडू नका, पुन्हा ओकली तर तडक दवाखान्यात न्या. मग शिट्ट्या न घेताच ती घरी परत आली.

रुपराव अंगणात कूलर काढून बसले होते. उन्हाळ्याच्या तोंडी वाळ्याच्या ताट्या बदलायचं काम ते कोणाला करू देत नसत. औष्णिक केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर सगळी नोकरी काढली, तिथली सवय: यंत्र आपलं आपणच उघडायचं. भैरवी त्यांच्यापाशी उकिडवी बसली आणि वाळ्याची जुनी ताटी कुस्करत तिनं सगळं सांगितलं.

रुपरावांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाही सांगितलं तर पोरीले काय होईल?"

"काही नाही होणार कदाचित. किंवा शिबिरात दुसऱ्यांदा मार लागला तर... काहीही होईल, बाबा."

"मंग यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"राखीवमध्ये पहिलं नाव माझं आहे." भैरवी म्हणाली. "मी सांगितलं तर ती जाणार नाही. आणि ती गेली नाही तर मले बोलावतील. लोक काय म्हणतील ते सोडा. मलेच कळत नाही, मी तिच्यासाठी सांगून राहिली का माझ्यासाठी."

रुपरावांनी नवी ताटी चौकटीत बसवली, दाबून पाहिली. "तुले जायचं आहे का?"

भैरवीला खोटं बोलता आलं नाही. "हो."

"मंग जायचं आहे ते जायचं आहे. पोरीच्या डोक्याले मार लागला तो लागला. दोन्ही गोष्टी एका पिशवीत नको टाकू."

ते एवढं सोपं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण भैरवी उठली आणि दिवेलागणीच्या आत तिनं जितेंद्र सरांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सर गुंजनला धंतोलीतल्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला हिसका बसला आहे. खेळ बंद, पळणं बंद, मोबाइल आणि पुस्तकही बेतानं. त्या दिवसापासून गुंजननं भैरवीचा फोन उचलला नाही.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. ते आधी हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "तुले बोलावलं आहे. तू नाही म्हटलं तर तुझ्यानंतर ओडिशाची एक पोरगी आहे. गुंजनची जागा काही रिकामी ठेवणार नाहीत. ठरव आणि सांग."

"जाते, सर," भैरवी म्हणाली. ठरवायला तिला श्वास घेण्याएवढाही वेळ लागला नाही, आणि पुढं कित्येक दिवस तिला तेच बोचत राहिलं. थोडं तरी थांबायला हवं होतं, असं वाटायचं. कशासाठी, ते मात्र सांगता आलं नसतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती मैदानावर निरोप घ्यायला गेली. पोरींनी तिला घेरलं, शुभेच्छा दिल्या. रितिका म्हणून संघातली एक फटकळ पोरगी होती, ती बूट बांधता बांधता म्हणाली, "ताई, तुझं नशीब तर गुंजनच्या डोक्यातून निघालं." कोणी हसलं नाही. घरी जाताना भैरवीला चार उत्तरं सुचली, आणि त्यातलं एकही तिला स्वतःला पटलं नाही.

शिबिरात सगळ्या तिच्याहून लहान. पहाटेच्या धावण्यात ती शेवटच्या तिघींत असायची. पण समोरची कोणत्या बाजूला वळणार हे तिला आधी कळायचं, आणि ती जिला धरायची ती खाली यायचीच. या वेळी शेवटच्या यादीत नाव गळलं नाही. तिनं घरी फोन केला तेव्हा शामलानं फक्त विचारलं, "आता तरी झालं का मनासारखं?" आणि भैरवीला बोलता येईना, तसा शामलानं फोन रुपरावांकडं दिला. तिकडून ते बराच वेळ नुसते "हो, हो" म्हणत राहिले, भैरवी काही बोलत नसतानाही.

स्पर्धा थायलंडात होती. पहिले दोन सामने ती बाकावर बसून राहिली. तिसऱ्या सामन्यात उत्तरार्धात तिला आत बोलावलं. मोजे तिच्या मापाचे नव्हते, सारखे घसरत होते. आत गेली आणि पहिलाच चेंडू तिच्या हातून निसटला. पुढून चीनची एक उंच, खांदेवाली पोरगी तो उचलून निघाली. भैरवी आडवी गेली. खांदा लागला, हात मागं मिटले, आणि दोघी गवतावर आल्या. गवत ओलं आणि हिरवंगार होतं. तोंडात राख गेली नाही याचं तिला क्षणभर नवल वाटलं. उठताना तिच्या मनात गुंजन नव्हती, रितिका नव्हती, कोणी नव्हतं. उरलेली मिनिटं ती अशी खेळली की त्या मिनिटांत ती बावीस वर्षांची होती. भारत तो सामना हरला. शेवटचा एक जिंकला, त्यातही ती थोडा वेळ होती. बस. कारकीर्द म्हणावी ती एवढीच, दोन सामन्यांतली काही मिनिटं.

परत आल्यावर वसाहतीत सत्कार झाला. शाल, श्रीफळ, लाउडस्पीकर. ज्यांना रग्बी ठाऊक नव्हती त्यांनीही भाषणं केली. गुंजन आली नाही.

जूनमध्ये भैरवी इतवारीत गेली. हातगाड्या आणि टेम्पोंमधून वाट काढत भांड्यांच्या दुकानाशी पोचली, तर गुंजन खालीच होती, पितळेचे गंज, म्हणजे उभी पातेली, कागदात गुंडाळत बसली होती. वाळली होती. भैरवीला पाहून उठली नाही, पण तोंडही फिरवलं नाही. मामानं गल्ल्यावरून दोघींकडं पाहिलं आणि चहा मागवला.

"कसं आहे आता?"

"महिना दीड महिना डोकं दुखे. उजेड सहन नाही होये. परीक्षा राहिली." गुंजननं गंजाभोवती कागद घट्ट ओढला. "आता ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू पळ."

"मी फोन केले होते."

"माहीत आहे."

चहा आला. दोघींनी घेतला. रस्त्यावर कोणीतरी टेम्पोवाल्याशी भांडत होतं.

मग गुंजन म्हणाली, "ताई, तू सांगितलं त्याचा राग नाही मले. आधी होता. पण त्या दिवसांत मले मामीचं नाव आठवेना एकदा. तेव्हाच समजलं, शिबिरात गेली असती तर काय झालं असतं. सांगितलं ते बरं केलं." ती थांबली. "पण तू गेली काहून?"

भैरवीनं या प्रश्नाची उत्तरं घरून तयार करून आणली होती. मी नसते गेले तर ओडिशाची गेली असती. तुझी जागा तशीही राहिली नसती. सगळी खरी होती. ती तिनं दिली नाहीत.

"मले जायचं होतं म्हणून," ती म्हणाली. "तू पडायच्या आधीपासून जायचं होतं. तुझं नाव आलं तेव्हा मी खूश झाली, ते खोटं नव्हतं. आणि घरी येऊन रडली, तेही खोटं नव्हतं."

गुंजन कप बोटांत फिरवत राहिली.

"मी नाही गेली असती तर तुले बरं वाटलं असतं?" भैरवीनं विचारलं.

"हो."

"तुझं दुखणं कमी झालं असतं?"

"नाही. पण बरं वाटलं असतं." गुंजननं रिकामा कप खाली ठेवला. "मले वाटे, तू म्हणशील, गुंजन नाही तर मीपण नाही. येडेपणा आहे, मले समजते. पण वाटे."

भैरवीनं मान हलवली. तिनं क्षमा मागितली नाही, कारण मागितली असती तर ती कशाची हे तिला ठरवता आलं नसतं. तिनं खाली बसून एक गंज उचलला आणि कागद घेतला. दोघींनी मिळून ते टोपलं संपवलं. निघताना गुंजननं "येजो" म्हटलं, तेवढंच.

पावसाळा सरल्यावर गुंजन मैदानावर आली. आधी नुसती पळायची, मग चेंडू, मग अखेरीस पाडणं. भैरवीचा गुडघा त्या हिवाळ्यात पुन्हा बोलायला लागला आणि तिनं खेळणं थांबवलं. सरांबरोबर ती शिकवू लागली. पहिल्यासारख्या दोघी नव्हत्या. गुंजन सरावानंतर थांबायची, पण महादुल्याला जेवायला क्वचितच यायची. आली तर शामला विचारायची, "इतके दिवस कुठं होती वं?" आणि गुंजन म्हणायची, "अभ्यास होता, काकू."

पुढच्या वर्षी तिला पुन्हा शिबिराचं बोलावणं आलं. या वेळी ती धडधाकट गेली. आणि शेवटच्या निवडीत तिचं नाव गळलं.

फोन आला तेव्हा भैरवी शाळेच्या मैदानावर पाचवीच्या पोरांची रांग लावत होती. "राहिली, ताई," गुंजन म्हणाली.

भैरवी कडुनिंबाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. तिला माहीत होतं की अशा वेळी काही म्हणू नये. तू लहान आहेस, पुढच्या वर्षी होईल, हे सगळं लोकांचं तिला दोनदा सांगून झालं होतं.

"तू कसं सहन केलं वं?" गुंजननं विचारलं.

"केलं नाही. घरी येऊन महिनाभर कोणाशी बोलली नाही. आईच्या हातचं जेवण टाकून उठे. विचार तिले."

पलीकडं जरासं हसल्यासारखं झालं, की हुंदकाच होता.

"मग मीपण नाही बोलणार कोणाशी."

"नको बोलू. गाडी कितीले येते ते सांग फक्त."

सकाळी भैरवी रुपरावांची स्कूटर घेऊन स्टेशनवर गेली. गुंजन उतरली, पाठीला मोठी पिशवी, डोळे सुजलेले. भैरवीनं पिशवी घेऊन पायाशी ठेवली. "इतवारी का महादुला?"

गुंजननं जरा वेळ विचार केला. "इतवारी," ती म्हणाली. "मामी वाट पाहून राहिली असेल."

"बस मग."

स्कूटर निघाली. बाजार नुकता उघडत होता, हातगाड्या रस्त्यात आडव्या लागत होत्या, भैरवी त्यांच्यामधून हळूहळू वाट काढत होती.